ऐकून घेणारी माणसे

रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर कोणी येऊन बसले, पिशवी पायाशी नीट लावली, रुमालाने मान पुसली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठवर?’ नाव नंतर, गाव नंतर, नोकरीधंदा आणि मुलेबाळे तर फार पुढे. आधी हे माणूस आपल्या सोबतीला किती वेळ आहे, तेवढे समजून घ्यायचे असते. लहानपणी मला हा प्रश्न केवळ जागेच्या हिशेबाचा वाटे. समोरचा कुठे उतरणार यावर खिडकी आपल्याला कधी मिळणार हे अवलंबून असे. पुढे चित्रपटांचे वेड लागले, आणि त्यातही दोन अनोळखी माणसे योगायोगाने भेटतात, थोडा वेळ बोलतात आणि आपापल्या वाटेने जातात अशा चित्रपटांकडे मी पुन्हा पुन्हा वळू लागले, तेव्हा लक्षात आले की त्यातल्या बहुतेकांचा पाया हाच एक प्रश्न आहे. गाडी अमुक वाजता सुटणार, पाऊस पहाटे थांबणार, विमान सकाळी आहे. हाताशी वेळ किती हे एकदा कळले की त्या वेळात काय बोलायचे ते माणसे फारसा विचार न करता ठरवून टाकतात, आणि घरच्यांपाशी वर्षानुवर्षे न निघालेले शब्द दोन स्टेशनांच्या मध्ये निघून जातात.

अशा चित्रपटांना आपण ‘संवादांचे चित्रपट’ म्हणतो आणि त्यांची थोरवी संवादलेखकाच्या पदरात टाकतो. मीही कितीतरी वर्षे तेच केले. चांगली वाक्ये वहीत उतरवून घ्यायची, मित्रमैत्रिणींना म्हणून दाखवायची, असा तो काळ होता. पण ती वाक्ये वहीत आल्यावर निम्मी विझून जात. पडद्यावर त्यांना जो उजेड होता तो शब्दांतून येत नव्हता, हे कळायला मला पुष्कळ वेळ लागला. तो उजेड ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर होता.

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणे ऐकावे, बातम्या ऐकाव्यात, वडीलधाऱ्यांचे ऐकावे. पण ज्याचे मन भरून आले आहे त्याचे ऐकून घ्यावे. ‘चार शब्द ऐकून घ्यावे लागले’ असेही आपण म्हणतो, म्हणजे त्या घेण्यात थोडे सोसणेही आले. समोरच्याने उतरवलेले ओझे निदान काही काळ आपल्या खांद्यावर घेणे, असा काहीसा अर्थ त्या एका सहायक क्रियापदात दडलेला आहे. मला आवडणाऱ्या या चित्रपटांत दर वेळी कोणीतरी एक माणूस हे काम करत असते, आणि मोठा दिग्दर्शक कॅमेरा नेमका त्याच्याकडे वळवतो.

डेव्हिड लीन यांचा १९४५ सालचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ हे याचे मला ठाऊक असलेले सर्वांत निखळ उदाहरण आहे. नोएल कॉवर्ड यांच्या १९३६च्या ‘स्टिल लाइफ’ या एकांकिकेवरून तो केलेला आहे. महायुद्ध अजून संपले नव्हते, तेव्हा रात्री दिवे लावून चित्रीकरण करता यावे म्हणून हवाई हल्ल्यांच्या टापूपासून दूर, उत्तरेकडच्या लँकेशरमधील कार्नफर्थ हे स्टेशन निवडले गेले. चित्रपटात त्याचे नाव मिलफर्ड जंक्शन आहे. लॉरा ही दोन मुलांची आई दर गुरुवारी तेथे बाजाराला येते, ग्रंथालयातले पुस्तक बदलते, एखादा सिनेमा पाहते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. एकदा फलाटावरून धडधडत गेलेल्या एक्स्प्रेसमुळे तिच्या डोळ्यात कण जातो. उपाहारगृहात चहा पीत असलेला एक डॉक्टर, अ‍ॅलेक, रुमालाच्या टोकाने तो काढून देतो. एवढीच भेट. दोघेही विवाहित, दोघेही आपापल्या घरी सुखी म्हणता येतील असे.

पुढे ती दोघे प्रेमात पडतात, पण कोणत्या क्षणी पडतात ते पाहण्यासारखे आहे. त्याच उपाहारगृहात चहाचे टेबल मध्ये ठेवून अ‍ॅलेक तिला आपल्या कामाविषयी सांगत असतो. त्याला रोग होऊ नयेत यासाठीच्या वैद्यकात रस आहे, खाणीत आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या छातीत धूळ साचून जे विकार होतात त्यांचा अभ्यास करायचा आहे. बोलता बोलता तो रंगतो आणि दगडाची धूळ, धातूची धूळ, कोळशाची धूळ अशी त्या रोगांची अवघड लॅटिन-ग्रीक नावे एकामागून एक घेऊ लागतो. प्रेमाच्या प्रसंगात फुप्फुसांच्या रोगांची यादी! पण लॉरा झालेल्या सीलिया जॉन्सन यांच्या चेहऱ्याकडे पाहा. मोठाले डोळे त्याच्यावर खिळलेले, ओठ किंचित विलग, आणि रोगांच्या नावांशी काहीही संबंध नसलेली एक जाणीव त्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत जाते. ती त्याला म्हणते की तुम्ही बोलताना एकाएकी लहान मुलासारखे दिसू लागलात. त्यानंतर तोही थबकतो, कारण आपले असे कोणी ऐकले नव्हते हे त्याच्या ध्यानात येते. पुढची रोगांची नावे तो घेतो खरा, पण दोघांनाही आता ती ऐकू येत नाहीत.

या चित्रपटाची मांडणीही ऐकण्याभोवतीच बेतलेली आहे. सुरुवातीलाच आपल्याला उपाहारगृहात बसलेली दोन माणसे दिसतात. तेवढ्यात लॉराच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन त्यांच्या टेबलाशी बसते, त्या पुरुषाची गाडी येते, तो उठतो, लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपल्याला काहीच कळत नाही. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो, आणि आता आपल्याला ठाऊक असते की तो कायमचा आफ्रिकेला निघाला आहे, ही त्यांची शेवटची काही मिनिटे होती आणि ती त्या बाईच्या बोलण्यात वाहून गेली. निरोपाचा एक शब्दही बोलता आला नाही. खांद्यावरचा तो हात, त्याचा किंचित दाब, एवढेच. त्या बडबड्या बाईचा राग करावा असे वाटते, पण तिने वाईट काहीच केलेले नसते. समोरच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे तिने पाहिले नाही, एवढीच तिची चूक. आणि उरलेला सगळा चित्रपट म्हणजे लॉराने घरी बसून, शब्दकोडे सोडवत असलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात सांगितलेली कबुली. उघड बोललेला शब्द एकही नाही. पण शेवटी तो कोडे बाजूला ठेवून तिच्याजवळ येतो आणि म्हणतो की तू फार दूर गेली होतीस, परत आलीस म्हणून मी तुझा आभारी आहे. त्याला किती कळले होते, याचे उत्तर चित्रपट देत नाही. मला वाटते, पुष्कळ कळले होते. न बोललेलेही ऐकून घेणारी काही माणसे असतात आणि फ्रेड त्यांपैकी एक आहे. त्याला कंटाळवाणा नवरा म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

सत्यजित राय यांचा १९६६चा ‘नायक’ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हच्या सभागृहात. ‘कांचनजंघा’नंतर राय यांनी कोणत्याही कथा-कादंबरीचा आधार न घेता स्वतः रचलेली ही दुसरी पटकथा. बंगाली चित्रपटांतला आघाडीचा नट अरिंदम मुखर्जी राष्ट्रीय सन्मान स्वीकारायला दिल्लीला निघाला आहे. विमानात जागा मिळाली नाही म्हणून कलकत्त्याहून रेल्वेने. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्या एका मारामारीची बातमी आहे. ही भूमिका उत्तमकुमार यांनी केली, म्हणजे बंगालच्या खऱ्याखुऱ्या महानायकानेच पडद्यावरच्या नायकाची, आणि त्या जोडणीमुळे चित्रपटाला एक वेगळीच धार आली. त्याच गाडीत ‘आधुनिका’ नावाचे स्त्रियांचे मासिक चालवणारी अदिती सेनगुप्ता आहे: शर्मिला टागोर, जाड काड्यांचा चष्मा, साधी साडी आणि नटनट्यांविषयी मुळीच कौतुक नसलेली नजर. मासिकाचा खप वाढवायला एक मुलाखत मिळाली तर बरे, इतक्याच हेतूने ती डायनिंग कारमध्ये त्याच्या टेबलाशी जाऊन बसते.

तो डबा खरा नव्हता. बन्सी चंद्रगुप्त यांनी तो स्टुडिओत उभारला होता, आणि छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यात असा उजेड खेळवला की खिडकीबाहेरचे ऊनच आत येत आहे असे वाटावे. पांढऱ्या कापडावरून परतवलेला मऊ प्रकाश वापरण्याची त्यांची रीत ‘अपराजितो’पासूनची. राय यांच्याबरोबरचा त्यांचा हा शेवटचा चित्रपट ठरला. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण अशा बोलण्याला जागा लागते, आणि ती जागा कोणीतरी कष्टाने घडवावी लागते. टेबलावरची भांडी गाडीच्या लयीत किंचित हलत राहतात, काचेपलीकडे शेते मागे पळतात, आणि मध्ये दोन माणसे स्थिर बसलेली असतात.

अरिंदम आधी ठरावीक उत्तरे देतो. मग एक स्वप्न सांगतो, नोटांच्या ढिगात बुडण्याचे, आणि तिथून गाडी रुळावरून खाली उतरल्यासारखे त्याचे बोलणे आत आत जाऊ लागते. नाटकातले गुरू शंकरदा, ज्यांना त्याने सिनेमात जाणे मान्य नव्हते. पहिल्या चित्रीकरणात त्याचा पाणउतारा करणारा बुजुर्ग नट, जो पुढे काम मागायला दारात येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. कामगार चळवळीतला मित्र बीरेश, ज्याच्या सोबत उभे राहण्याचे धाडस ऐन वेळी झाले नाही. आपल्या आयुष्यातल्या सगळ्या उधाऱ्या तो एकेक करून टेबलावर मांडतो. अदिती लिहून घेत असते. हळूहळू तिची लेखणी थांबते. केव्हा थांबली ते नेमके सांगता येणार नाही, मी तीनदा पाहूनही मला ती जागा पकडता आलेली नाही. पण तिच्या चष्म्यामागची नजर बदललेली असते: मघा ती मजकूर शोधत होती, आता ती माणसाकडे पाहत असते.

रात्री अरिंदम खूप प्यायलेला असतो. डब्याच्या दाराशी, धावत्या रुळांकडे पाहत बसलेला. कंडक्टरकरवी तो अदितीला बोलावणे धाडतो. ती येते, भ्यालेली आणि तरीही शांत. त्याला अजून काहीतरी सांगायचे असते, सर्वांत अवघड असे, आणि ते त्याच्या तोंडून निघण्याआधीच ती सुचवते की ते सांगायची गरज नाही. त्याला आपल्या जागी परत जायला सांगते. ऐकून घेणाऱ्याचा हा सर्वांत मोठा गुण मला तेव्हा प्रथम दिसला. समोरचा उघडा पडत असताना कोठे थांबवावे, हे तिला कळते. जी गोष्ट ऐकली तर मुलाखतीला सोन्याचे मोल आले असते ती ऐकायलाच ती नकार देते, आणि त्या नकारामुळे तो माणूस त्या रात्री दारातून आत वळतो.

सकाळी पुन्हा डायनिंग कार. दिल्ली जवळ आलेली. अदिती टिपणांचे कागद काढते, त्याच्यासमोर फाडते आणि तुकडे पाण्याच्या पेल्यात टाकते. तो विचारतो, ‘मनातून लिहिणार की काय?’ ती म्हणते, ‘मनात ठेवीन.’ बंगालीतले ते वाक्य मराठीत आणताना काहीच करावे लागत नाही. मन तेच, ठेवणे तेच. मग स्टेशन येते, हार येतात, गर्दी येते, त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढतो आणि ती आपल्या नातेवाइकासोबत त्या गर्दीच्या कडेने निघून जाते. सभागृहातले दिवे लागले तरी मी खुर्चीतून उठले नाही. त्या पेल्यातल्या कागदांनी मला माझ्या एका वहीची आठवण करून दिली होती. त्या वहीकडे मी नंतर येते.

उत्तमकुमार यांच्याच आणखी एका चित्रपटाची येथे आठवण निघते. सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या कथेवर तपन सिन्हा यांनी १९६४ साली चित्रपट केला, त्यात ते होते. आणि त्याच कथेवरून गुलजार यांनी १९८७ साली ‘इजाजत’ केला. आपल्या पिढीला हा दुसरा अधिक जवळचा. पावसाची रात्र, आडवळणाचे स्टेशन, वेटिंग रूम. घटस्फोट होऊन काही वर्षे लोटलेले महेंद्र आणि सुधा तिथे अचानक समोरासमोर येतात. ही माणसे अनोळखी नाहीत, पण एके काळी जवळच्या असलेल्या माणसाला परक्यासारखे भेटणे हे अनोळख्याला भेटण्यापेक्षा कठीण, आणि गुलजार यांनी तो अवघडलेपणा छोट्या छोट्या घरगुती गोष्टींतून मांडला आहे. कोण कोणाला चहा देतो, कोणाच्या कोणत्या सवयी अजून तशाच आहेत, यावर अर्धा वेळ जातो. आर. डी. बर्मन यांच्या संगीतावर आशा भोसले यांनी गायलेली गाणी सगळ्यांच्या ओठांवर आहेत, गुलजार आणि आशाबाईंना त्यांतल्या एकासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मला हा चित्रपट गाण्यांसाठी आठवत नाही. मायाच्या मृत्यूची हकिगत महेंद्र सांगतो तेव्हा रेखा यांनी ज्या तऱ्हेने ती ऐकली आहे, त्यासाठी आठवतो. ज्या मुलीमुळे संसार मोडला तिच्या मरणाची बातमी, सांगणारा पूर्वीचा नवरा, आणि ऐकणारी सुधा. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही दिसत नाही, सूड तर नाहीच. दिसते ती फक्त उशीर झाल्याची हळहळ. सकाळी तिचा आताचा नवरा तिला न्यायला येतो, शशी कपूर यांनी रंगवलेला मोकळा, मायाळू गृहस्थ. निघताना ती महेंद्रच्या पायांना हात लावते आणि मागच्या वेळी न विचारता गेले होते, या वेळी परवानगी द्या, असे म्हणते. दारातून नवऱ्याने ते पाहिलेले असते आणि हा माणूस कोण हे त्याला उमगते. तो काही विचारत नाही. या चित्रपटात त्याच्या वाट्याला मोजकीच मिनिटे आहेत, पण ऐकून घेणाऱ्यांच्या माझ्या यादीत तो फ्रेडच्या शेजारी बसतो.

आता एक असे दृश्य, ज्यात शब्दच नाही. रिचर्ड लिंकलेटर यांचा ‘बिफोर सनराइज’ १९९५ सालचा. युरोपातल्या एका गाडीत अमेरिकन जेसी आणि फ्रेंच सेलीन भेटतात, व्हिएन्नाला उतरतात आणि सकाळपर्यंत शहरभर भटकत बोलत राहतात. लिंकलेटर यांना १९८९ साली फिलाडेल्फियामध्ये एक तरुणी अशीच योगायोगाने भेटली होती, त्या रात्रीच्या चालण्याबोलण्यातून या चित्रपटाची कल्पना निघाली; चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच ती अपघातात गेली होती आणि हे त्यांना कळले ते कित्येक वर्षांनी. चित्रपटात बोलणे अखंड आहे, आणि खरे सांगायचे तर त्यातले काही मला आता तरुणपणाच्या चमकदार वाक्यांसारखे वाटते. पण एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात ती दोघे ऐकण्याच्या चिंचोळ्या खोलीत शिरतात, कॅथ ब्लूम या गायिकेचे गाणे लावतात, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवरून हलत नाही. तो तिच्याकडे पाहतो, ती वळते तोवर त्याने नजर दुसरीकडे नेलेली असते. मग ती त्याच्याकडे पाहते आणि तो वळायच्या आत छताकडे पाहू लागते. दोघांनाही ठाऊक आहे की दुसरा आपल्याकडे पाहत होता. खांद्याला खांदा लागेल एवढी जागा, एकच गाणे, आणि संबंध प्रसंगात एक अक्षर नाही. रात्रभर बोलून जेवढे एकमेकांना सांगितले नसेल तेवढे त्या गाण्याच्या काही ओळींत ती सांगून जातात.

आपल्या मुंबईतला ‘द लंचबॉक्स’ हा रितेश बत्रा यांचा २०१३चा चित्रपट त्याही पुढे जातो, कारण त्यात दोघे भेटतच नाहीत. चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा, त्यातून जाणाऱ्या चिठ्ठ्या, निवृत्तीला आलेले साजन फर्नांडिस आणि एकटी पडलेली इला. इरफान खान यांनी चिठ्ठी वाचताना जे केले आहे ते ऐकणेच आहे. पण या चित्रपटातले माझे आवडते माणूस वेगळे. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू. त्यांचा आवाज भारती आचरेकर यांचा, आणि पडद्यावर त्या एकदाही दिसत नाहीत. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, मसाल्याच्या वासावरून काकू भाजीचे ठीक-बेठीक सांगतात, इला खालून ओरडून मन मोकळे करते. काकूंचे यजमान कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून आहेत, डोळे छताच्या पंख्याला लागलेले. इतके घरात असताना ही बाई खालच्या मुलीचे रोज ऐकून घेते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याविषयी मी एवढे लिहिले, आणि येथे चेहराच नाही. तरीही त्या खिडकीकडे तोंड वर करून उभ्या असलेल्या इलाच्या चेहऱ्यावर काकूंची माया उतरलेली दिसते. आणि शेवटी लोकलच्या डब्यात डबेवाल्यांचा ज्ञानोबा-तुकारामांचा गजर सुरू होतो, तेव्हा या शहरात रोज किती निरोप असे हातोहात जात असतील या विचाराने माझा गळा दाटून येतो.

मराठीत सतीश राजवाडे यांच्या २०१०च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने दोनच पात्रांना एका दिवसात पुण्यात फिरवण्याचे धाडस केले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. त्यात शांतता कमी आणि चुरचुरीत बोलणे जास्त आहे, तरी एकमेकांचे नावही न विचारता दिवस घालवणाऱ्या त्या दोघांत कुठेतरी आपला जुना रेल्वेचा डबा आहेच. अधिक शांत, अधिक वेळ न बोलणारा असा मराठी चित्रपट या वळणाचा यावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता ती वही. नव्वदच्या दशकात मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी लिहीत असे, आणि हळूहळू मागे पडत चाललेल्या धंद्यांवर एक लेखमाला करत होते. पुण्याहून कोयना एक्स्प्रेसने कोल्हापूरला निघाले असताना समोरच्या बाकावर साठी उलटलेले एक गृहस्थ आले. त्यांच्याजवळ सतरंजीत गुंडाळलेले, सुतळीने चारही बाजूंनी बांधलेले जड ओझे होते. शिलाई मशीनचे वरचे डोके. ते त्यांनी बाकाखाली ठेवले नाही, शेजारी ठेवले आणि वाटभर त्यावर एक हात ठेवून बसले. मी ‘कुठवर?’ विचारले. ‘रहिमतपूर,’ ते म्हणाले. मी वही काढली.

शिंप्याचा धंदा हा माझ्या मालेतला पुढचाच विषय होता, तेव्हा मला आयताच माणूस मिळाला होता. त्यांनीही हौसेने सांगितले. कोपरीला किती कापड, तीन बटणी सदऱ्याचा गळा कसा बेततात, लग्नसराईत रात्रीचे कंदील लावून कसे बसावे लागे, तयार कपडे आल्यावर उधारीचे गिऱ्हाईक आधी कसे गेले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक त्यांनी मला दाखवले; वर्षानुवर्षे अंगुस्तान घालून तिथली कातडी गुळगुळीत आणि पांढरट झाली होती, तिला ठसाच उरला नव्हता. आदर्कीच्या घाटात गाडी मंद झाली आणि पुढच्या एका स्टेशनात क्रॉसिंगसाठी बाजूला उभी राहिली. इंजिनाचा आवाज थांबला की डब्यात जी शांतता पसरते, ती पसरली. बाहेर कोणीतरी पेरू विकत होते. त्यांनी दोन घेतले, खिशातल्या छोट्या चाकूने एकाच्या चार फोडी केल्या, कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवल्या, आणि चाकू मिटता मिटता, ते मशीन कोणाचे होते आणि ते आज ते घेऊन गावी का निघाले आहेत, हे सांगू लागले.

ते सारे मी येथे लिहिणार नाही. तेव्हाही लिहिले नाही. सुरुवातीची काही वाक्ये माझ्या हाताने सवयीने टिपली होती, मग हात थांबला. माझे काही बोलणे झाले नाही, सुचलेही नाही, एकदा ‘मग?’ म्हणाले असेन, एकदा तेही नाही. समोरून येणारी गाडी धाडधाड निघून गेली, आमची हलली, आणि त्यांचे सांगून संपले तेव्हा पेरूच्या फोडी तशाच होत्या. त्यांनी वहीकडे पाहिले. रागाने नाही, काळजीनेही नाही. शिंपी कापडाकडे पाहतो तसे. ‘हे पेपरात येतं का, ताई?’ त्यांनी विचारले. मी ते पान फाडले, घडी केली आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले नाही. सतरंजीच्या एका दुमडीत खोचून ठेवले, आणि मग आम्ही दोघांनी पेरू खाल्ला.

माझ्या लेखमालेत शिंप्याचा लेख आला तो निराळ्याच माणसावरचा. त्यानंतर काही वर्षांनी अर्काइव्हच्या अंधारात अदितीने कागद फाडले, तेव्हा मला पेरूचा वास आला. मी धीट होते म्हणून ते पान फाडले असे नाही. समोर बसलेल्या माणसाने आपले सर्वस्व अर्ध्या तासात माझ्या स्वाधीन केले होते आणि ते बाजारात नेण्याचा मला धीर झाला नाही, एवढेच. राय यांनी ते तीस वर्षांपूर्वीच पाहून ठेवले होते.

रहिमतपूर आले तेव्हा दुपार कलली होती. मशीन एकट्याने उचलण्यासारखे नव्हते. एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही ते दारापर्यंत नेले. त्यांचा भाचा फलाटावर सायकल घेऊन उभा होता, त्याने खालून हात दिला. सुतळी माझ्या तळव्यात रुतून लाल वळ उठला होता. गाडीने शिटी दिली. नाव त्यांनी विचारले नव्हते, मीही नाही. फलाटावरून त्यांनी टोपी सारखी केली, मशीनवर हात ठेवला आणि कुणी शेजारच्या आळीतून परत यायचे असावे तसे म्हणाले, ‘येतो मग, ताई.’

‘या,’ मी म्हणाले.